स्पिऑन कॉपचे स्ट्रेचरवाले

दक्षिण आफ्रिकेतल्या नाताळमध्ये जानेवारी म्हणजे ऐन उन्हाळा. १९०० साली त्या उन्हाळ्यात तुगेला नदीच्या दक्षिण काठावर जनरल बुलरची इंग्रज फौज होती आणि उत्तरेच्या डोंगररांगांवर बोअर, म्हणजे तिथे वसलेले डच वंशाचे शेतकरी, बंदुका घेऊन बसले होते. त्यांच्या पाठीमागे लेडीस्मिथ शहर २ नोव्हेंबर १८९९ पासून वेढ्यात कोंडलेलं. वेढा फोडायचा तर मधला एक उंच डोंगर हाती हवा, असं इंग्रजांनी ठरवलं. त्याचं नाव स्पिऑन कॉप.

या लढाईच्या हकिकती भरपूर आहेत. सेनापतींच्या चुका, उलटसुलट निरोप, कुणी माघार घेतली आणि का, यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. आपण तो दिवस पायथ्याकडून पाहू. तिथे काही माणसं अशी होती की ज्यांच्या हातात बंदूक नव्हती आणि ज्यांना घेतानाच सांगितलं होतं की तुम्हांला माऱ्याच्या टप्प्यात जावं लागणार नाही. ती होती हिंदी स्ट्रेचरवाल्यांची तुकडी.

मंगळवार, २३ जानेवारी, रात्र

सुमारे १,७०० सैनिक अंधारात डोंगर चढायला लागतात. पुढे मेजर जनरल वुडगेट, बरोबर लेफ्टनंट कर्नल थॉर्नीक्रॉफ्ट. बोलायचं नाही, विडी-काडी पेटवायची नाही. वर गेल्यावर खंदक खणायला घेतलेली हत्यारं म्हणजे जेमतेम वीसएक कुदळी आणि तितकीच फावडी. वाळू भरायच्या गोण्या तर खालीच राहून गेल्या.

फौजेमागे जखमींची सोय करणाऱ्यांची साखळी असते. पहिली कडी पलटणीतलेच स्ट्रेचरवाले, मग बेअरर कंपनी, मग पायथ्याचं फील्ड हॉस्पिटल, तिथून नदीपलीकडे स्पिअरमन कॅम्पचं हॉस्पिटल, आणि शेवटी फ्रेअर, जिथून आगगाडी मिळते. या साखळीत गोऱ्या स्वयंसेवकांची एक तुकडी होती आणि दुसरी हिंदी लोकांची.

हिंदी तुकडीत साधारण ११०० माणसं. त्यांतले ३०० स्वतंत्र, म्हणजे डरबन आणि आसपासचे कारकून, दुकानदार, कारागीर, दुभाषे. उरलेले ८०० गिरमिटिये. मद्रास आणि कलकत्त्याच्या बंदरांतून पाच वर्षांच्या करारावर आणलेले हे मजूर उसाच्या मळ्यांत राबत. मालकांनी रजा दिली म्हणून ते इथे आले. तुकडीच्या म्होरक्यांपैकी एक डरबनचे बॅरिस्टर मोहनदास गांधी, वय तीस. ऑक्टोबरमध्ये लढाई पेटली तेव्हाच या लोकांनी सेवा देऊ केली होती. सरकारने ती नाकारली. हिंदी माणूस पैशामागे धावतो, संकटात पळ काढतो, अशी नाताळच्या गोऱ्यांची पक्की समजूत. डिसेंबरात कोलेन्सोच्या लढाईची वेळ आली, खांदे कमी पडणार असं दिसू लागलं, आणि नकाराचा होकार झाला. त्या लढाईत एका दिवसात अकराशेच्या वर इंग्रज सैनिक मेले, जखमी झाले किंवा पकडले गेले.

शिकवायला डॉक्टर बूथ. डरबनमध्ये ते गोरगरीब हिंदी लोकांसाठी धर्मादाय दवाखाना चालवत, आणि गांधी तिथे रोज तास-दोन तास कंपाउंडरचं काम करत. पट्टी कशी बांधायची, रक्त कुठे दाबून थांबवायचं आणि मोडक्या हाडाला हात कसा लावायचा, एवढं या तुकडीला आलं होतं. उरलेलं चालता चालता शिकायचं.

बुधवार, २४ जानेवारी, पहाटे ३ ते ४

माथ्यावर बोअरांची लहानशी चौकी असते. तिला संगिनींनी उडवून इंग्रज डोंगर घेतात आणि खालच्यांना कळावं म्हणून तीनदा जयघोष करतात. धुकं इतकं दाट की दहा पावलांपुढचं दिसत नाही. खणायला लागतात तर खाली खडक. खंदक जेमतेम गुडघाभर होतो आणि पुढे दगड रचून आडोसा उभा राहतो.

पायथ्याच्या माणसांना जयघोष ऐकू येतो तेव्हा वाटतं, झालं काम.

सकाळी ८

धुकं उठतं आणि इंग्रजांना कळतं की आपण खणलं ते डोंगराच्या कडेवर नाही, बरंच अलीकडे. तिन्ही बाजूंच्या टेकड्यांवर बोअर बसलेत. उजवीकडच्या ॲलो नॉलवरून तर हा खंदक आडवाच्या आडवा दिसतो. पलीकडच्या रांगांवर बोअरांचा सेनापती लुई बोथाने तोफा लावून ठेवल्यात. साडेआठच्या सुमारास वुडगेटच्या डोक्यात गोळी लागते. सकाळच्या पहिल्याच तासात सेनापती स्ट्रेचरवर.

माउझरची गोळी बारीक आणि वेगवान. मांसातून ती आरपार जाते, जखम लहान असते आणि बऱ्याचदा स्वच्छही. त्या काळच्या शल्यचिकित्सकांना याचं मोठं नवल वाटे. तोफगोळ्याच्या तुकड्याची गोष्ट वेगळी. तो मांस फाडतो, हाड चुरतो आणि कपड्यांच्या चिंध्या जखमेत खोल नेऊन बसवतो. त्या दिवशी माथ्यावर दोन्ही चाललं होतं. पुढे प्रेतं गोळा केली तेव्हा सत्तरएक जणांच्या डोक्यात उजव्या बाजूने गोळ्या शिरलेल्या आढळल्या. ॲलो नॉलने पाठवलेल्या.

प्रत्येक सैनिकाच्या अंगरख्यात पट्टीची एक पुडी असते. पडला तर शेजाऱ्याने ती काढून बांधायची. शेजारीही पडला तर स्ट्रेचरवाला येईपर्यंत वाट पाहायची.

दुपारी १२

पाणी संपलंय. खालून खेचरांवर डबे चढवतात, त्यांतले बरेच गळतात नाहीतर फुटतात. ऊन दगडांवरून परतून अंगावर येतं. जखमी माणसाला तहान फार लागते, कारण अंगातलं रक्त कमी झालेलं असतं. पोटात गोळी असेल तर मात्र पाणी द्यायचं नसतं. स्ट्रेचरवाल्याच्या कामात अवघड गोष्टी पुष्कळ आहेत, पण पाणी मागणाऱ्या माणसाला नाही म्हणायचं आणि त्यालाच उचलून मैलभर चालायचं, याला तोड नाही.

वर जायची वाट एकच, चिंचोळी आणि दगडाधोंड्यांची. तिच्यावरून ताज्या कुमकेच्या पलटणी चढतायत आणि जखमी उतरतायत. कुणी लंगडत, कुणी दुसऱ्याच्या गळ्यात हात टाकून, कुणी स्ट्रेचरवर. बातमीदार आणि लष्करी अधिकारी अशा दुहेरी नात्याने हजर असलेला पंचवीस वर्षांचा विन्स्टन चर्चिल हीच वाट चढला आणि वाटेत भेटलेल्या जखमींच्या रांगेबद्दल त्याने लिहून ठेवलं.

दुपारी १

खंदकाच्या एका टोकाला काही सैनिक पांढरे रुमाल वर करतात. थॉर्नीक्रॉफ्ट धावत येतो, आम्ही शरण आलेलो नाही असं ओरडून बोअरांना सांगतो आणि मागे उरलेल्यांना घेऊन पुन्हा भिडतो. इतिहासाच्या पुस्तकांत या क्षणाला पानं मिळतात. खाली फील्ड हॉस्पिटलात त्याच वेळी जागा संपलेली असते. तंबू भरले, आता जखमींना गवतावर ओळीने ठेवतायत.

संध्याकाळी ५ नंतर

शेजारची दोन शिखरं इंग्रजांची एक पलटण घेते आणि थोड्याच वेळात हुकमावरून सोडूनही देते. माथ्यावरचा मारा थांबत नाही.

हिंदी तुकडीपुढे प्रश्न उभा राहतो तो या लढाईच्या धामधुमीत. तुगेलावर होड्यांचा पूल टाकलेला आहे. पलीकडे डोंगराच्या पायथ्याशी फील्ड हॉस्पिटल आहे आणि तिथून जखमी अलीकडे आणायचेत. बोअरांच्या तोफेचा गोळा पुलावर पडू शकतो. एक लष्करी वैद्यकीय अधिकारी तुकडीपाशी येऊन सांगतो की तुम्हांला माऱ्याबाहेरच्या कामासाठी घेतलंय, पूल ओलांडायची सक्ती नाही. गेलात तर उपकार होतील. नाही गेलात तरी कुणी बोल लावणार नाही.

इथे थोडं थांबायला हवं. गिरमिटियाला नाही म्हणायची मोकळीक कायद्यानेच ठेवलेली नव्हती. कामाला दांडी मारली, काम नाकारलं, परवान्यावाचून मळ्याबाहेर पाऊल टाकलं, तर तो गुन्हा होता. त्यासाठी दंड होता, तुरुंग होता. नाही म्हणायची मुभा त्याला कुणी तरी देतं ती इथे, जिथे तोफेचा गोळा पडू शकतो तिथे. तुकडीने पूल ओलांडला. त्यात धैर्य किती, म्होरक्यांवरचा विश्वास किती आणि सांगितलेलं काम करायची लावलेली सवय किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही. गांधींच्या मनात तेव्हा एक हिशेब पक्का होता. सहानुभूती बोअरांशी असली तरी ब्रिटिश प्रजेचे हक्क मागायचे तर प्रजेचं कर्तव्यही करायला हवं. बाकी हजार माणसांच्या मनात काय होतं ते कुणी विचारलं नाही आणि त्यांनी लिहिलं नाही.

रात्री १०

थॉर्नीक्रॉफ्ट माघारीचा निर्णय घेतो. तगून राहा असा वरिष्ठांचा निरोप घेऊन चर्चिल दुसऱ्यांदा चढून येतो, तोवर पलटणी उतरायला लागलेल्या असतात. गंमत अशी की त्याच रात्री बोअरांनीही डोंगर गेला असं समजून पाय मागे घेतलेले होते. काही तास माथ्यावर मेलेले आणि जखमी यांच्याशिवाय जवळजवळ कुणी नव्हतं.

लढणाऱ्यांचा दिवस संपला की स्ट्रेचरवाल्यांचा भरात येतो. अंधारात, दगडांत, स्ट्रेचर न्यायची एक रीत असते. चढावर डोकं पुढे, उताराला पाय पुढे. मांडीचं किंवा नडगीचं हाड मोडलं असेल तर उलट करायचं, उताराला डोकं पुढे, म्हणजे अंगाचा भार मोडलेल्या पायावर येत नाही. पुढच्याने आणि मागच्याने पाऊल जुळवायचं नाही. कवायतीत पाय जुळवतात, इथे मुद्दाम मोडतात. दोघांचं डावं पाऊल एकदम पडलं की कापड झोक्यासारखं हलतं आणि वरचा माणूस कण्हतो. मागच्याला पायाखालचं दिसत नाही, तो पुढच्याच्या आवाजावर चालतो. बदली करायची तर स्ट्रेचर खाली टेकवायचं नाही. नव्या माणसाने दांडीखाली खांदा द्यायचा, भार आला की जुन्याने सरकायचं.

मेळघाटात किंवा सह्याद्रीच्या एखाद्या वाडीत बाळंतीण अडली की आजही झोळी बांधून माणसं डांबरी रस्त्यापर्यंत धावतात. ज्यांनी ती झोळी धरली आहे त्यांना या कामाबद्दल वेगळं सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की झोळीतली बाई आपल्या गावची असते. इथे स्ट्रेचरवर पडलेला टॉमी, म्हणजे इंग्रज शिपाई, काल-परवापर्यंत यांना कुली म्हणून हाक मारत होता.

गुरुवार, २५ जानेवारी, पहाट

उजाडताना बोअर वर चढून पाहतात तर डोंगर मोकळा. दोन्ही बाजू लढाई थांबवतात. इंग्रज डॉक्टरांना आणि पुरणाऱ्यांना वर यायची परवानगी मिळते. ज्या उथळ खंदकात माणसं लढली त्यातच त्यांना ओळीने ठेवून माती लोटतात. तो खंदक आजही दगडांनी आखलेली लांबलचक कबर म्हणून जागेवर आहे. त्या दिवशी इंग्रजांचे अडीचशेच्या आसपास मेले. जखमी आणि पकडलेले धरून नुकसान दीड हजारांच्या घरात गेलं.

रस्त्याच्या कडेला गांधी बसलेले, फौजेचं कडक बिस्किट चघळत. व्हिअर स्टेंट नावाच्या पत्रकाराला ते तसे दिसले. पुढे प्रिटोरियाच्या वर्तमानपत्राचा संपादक असताना त्याने ही आठवण छापली. रात्रभराच्या कामाने धिप्पाड माणसं मोडून पडली होती, सगळी फौज खचलेली होती, आणि हा मनुष्य शांत होता, बोलायला उत्साही होता, नजरेत माया होती, असा तिचा आशय. आठवण खरी आणि मोलाची. तिच्यात गांधी आहेत, बिस्किट आहे. रात्रभर ज्यांनी वाहिलं ते बाकीचे त्याच रस्त्यावर कुठेतरी असणार.

त्या दिवशी आणि नंतर

स्पिअरमन कॅम्पच्या हॉस्पिटलात आता जखमींना ठेवून घ्यायला जागा नाही, शिवाय फौज नदीच्या दक्षिणेला परत येते आहे. जखमींना फ्रेअरला पोचवायचं. अंतर सुमारे २५ मैल, म्हणजे ४० किलोमीटर. बैलगाड्या आणि खेचरांच्या गाड्या आहेत, पण रस्ता खाचखळग्यांचा. पोटात, छातीत, डोक्यात गोळी असलेला माणूस गाडीच्या धक्क्यांनी दगावतो. असे रुग्ण हातानेच न्यायचे. औषधं आणि पाणी देत, उन्हात, धुळीत, दिवसाला २० ते २५ मैल. तुकडीने वाहिलेल्यांत जनरल वुडगेटही होते. ते दोन महिने जगले आणि मार्चमध्ये गेले.

या अंतराचा अर्थ आकड्यापेक्षा खांद्याला जास्त कळतो. अंगापिंडाने भरलेला माणूस, ओलं कापड, लाकडी दांड्या, सगळं मिळून शंभर किलोच्या आसपास. चौघांनी उचललं तरी एकेकाच्या वाट्याला २५ किलो, तेही एकाच खांद्यावर. आणि धान्याच्या पोत्यासारखं धप्पकन टाकता येत नाही. गोळ्यांच्या माऱ्यातलं धाडस मिनिटांचं असतं. या कामात ते दिवसभर पुरवून वापरावं लागतं, कारण मैल संपत आले तरी स्ट्रेचरवरच्या माणसाची वेदना पहिल्या मैलाइतकीच असते.

रणांगणावरच्या वैद्यकीय माणसाच्या शौर्याच्या कथा बहुधा एका उडीच्या असतात: गोळ्या चालू असताना कुणीतरी धावत जाऊन कुणाला तरी ओढून आणतं. अशा उड्या घडल्यात आणि त्यांचा मान त्यांना मिळालाच पाहिजे. स्पिऑन कॉपची साखळी मात्र सांगते की ओढून आणलेला माणूस जगतो की नाही, हे पुढच्या ४० किलोमीटरांवर ठरतं. तिथे बिगूल वाजत नाही आणि चित्रकार उभा नसतो. पाऊल मोडून चालायची शिस्त, तहानलेल्याला नाही म्हणायचा कठोरपणा आणि दांडी न टेकवता खांदा बदलायची युक्ती, यालाच तिथे शौर्य म्हणावं लागतं.

हिशेब

तुकडीने सगळं मिळून सहा आठवडे काम केलं. जनरल बुलरने आपल्या खलित्यात तिची तारीफ केली, नाताळच्या वृत्तपत्रांनी चार दिवस कौतुक केलं. पदकं मिळाली ती ३७ म्होरक्यांना. गांधींनी आपलं पदक १९२० च्या ऑगस्टमध्ये असहकाराच्या वेळी व्हाइसरॉयला परत केलं. आठशे गिरमिटिये मळ्यांवर परतले. त्यांच्याकडे परत करण्याजोगं काही नव्हतं.

त्यांच्यासाठी एक कर मात्र तयार होता. नाताळने १८९५ साली कायदा केला होता: त्यानंतर आलेल्या गिरमिटियाने करार संपल्यावर एक तर हिंदुस्थानात परतावं, नाहीतर पुन्हा करारात शिरावं, नाहीतर वर्षाला ३ पौंड भरावे. गिरमिटियाला पहिल्या वर्षी महिना १० शिलिंग मिळत, पाचव्या वर्षी १४. तीन पौंड म्हणजे ६० शिलिंग, चार महिन्यांहून जास्तीची कमाई. युद्ध इंग्रजांनी जिंकलं, स्ट्रेचरवाल्यांची तारीफ झाली आणि कर तसाच राहिला. १९०३ मध्ये तर तो त्यांच्या वयात आलेल्या मुलामुलींनाही लागू केला.

बारा वर्षांनी, १९१२ च्या नोव्हेंबरात, पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले प्रिटोरियात दक्षिण आफ्रिकेच्या पंतप्रधानांसमोर बसले. विषय होता हाच ३ पौंडांचा कर. समोरचे पंतप्रधान होते लुई बोथा, म्हणजे स्पिऑन कॉपभोवतीच्या टेकड्यांवर तोफा लावून बसलेले तेच बोथा. कर उठणार असं वचन मिळालं, या समजुतीने गोखले बाहेर आले आणि गांधींना तसं सांगितलं. सरकारने पुढच्या वर्षी कानांवर हात ठेवले. मग नाताळच्या खाणकामगारांनी आणि मळ्यांवरच्या गिरमिटियांनी संप केला, मोर्चा काढला, तुरुंग भरले, आणि १९१४ मध्ये कर रद्द झाला. साम्राज्याच्या जखमी सैनिकांना २५-२५ मैल वाहून जे मिळालं नाही, ते काम बंद करून मिळालं. पुलाशी त्यांना विचारलेल्या प्रश्नाला नाही हेही उत्तर असू शकतं, हे तोवर त्यांना चांगलं कळलं होतं.